मागच्या सीटवरचा भार

१

आमच्या गाडीत पुढच्या सीटवर रक्त बसतं आणि मागच्या सीटवर ताई.

हे ऐकून माणसं दचकतात. दचकण्यासारखं त्यात काही नाही. शहरभरच्या एकोणीस दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या आणि अकराच्या आत मोठ्या लॅबमध्ये पोचवायच्या, हे आमचं काम. नळ्यांची थंड पेटी ड्रायव्हरच्या नजरेसमोर हवी, पुढच्या सीटवर, पट्टा लावून, असा लॅबचा नियम. म्हणून ताई मागे. गाडी मी चालवते. ताई दवाखान्याच्या दारात उतरते, नळ्या मोजून घेते, परत येऊन यादीवर खूण करते आणि या सगळ्या वेळात एक क्षण गप्प बसत नाही.

दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायची तिला खोड आहे. पुढच्या गाडीवाल्याचं टक्कल दिसलं की त्याच्या बायकोची कीव करते. "हा बघ, घरी भांडून निघालाय. हॉर्नवर राग काढतोय मेला." कितीदा म्हटलं, ताई, तोंडाला जरा विश्रांती दे. तर म्हणते, "मी गप्प बसले तर तू झोपशील स्टिअरिंगवर."

ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहावीत होते. त्यानंतर माझ्या वेण्या, माझे डबे, माझं लग्न आणि ते मोडल्यावर मला घरी परत आणणं, सगळं हिनेच केलं. मला तिच्याशिवाय कोणी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जो हट्ट केला तो का केला, ते कळेल.

आवाज सुरू झाला तो गेल्या महिन्यात. चाळीसच्या वर वेग गेला की मागून, खालून, घूंऽऽ असा. मी काही अडाणी नाही, वीस वर्षं गाडी चालवतेय. मागची दोन चाकं ज्या जाड दांड्यावर फिरतात, त्या ॲक्सलचाच असा आवाज येतो.

"ताई, ऐकतेयस?"

"काय?"

"मागून घूं येतंय."

"तुझ्या कानातून येत असेल. मळ काढ."

शेजारच्या घरात साखर सांडली तरी जिला कळतं, तिला बुडाखालचा आवाज ऐकू येत नव्हता. नवल वाटलं. पण त्याहून जास्त मला भीती वाटली. आमच्या लॅबच्याच एका गाडीचा मागचा ॲक्सल दोन वर्षांपूर्वी पुलावर मोडला होता. पुढचा ड्रायव्हर खरचटून सुटला. मागची बाई नाही सुटली.

गाडीची वॉरंटी संपायला नऊ दिवस उरले होते.

२

सर्व्हिस सेंटर शहराबाहेर, मोठ्या मोकळ्या जागेत. चकचकीत फरशी, काचेच्या भिंती, कोपऱ्यात कॉफीचं मशीन. काउंटरवरच्या ॲडव्हायजरने गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "मॅडम, वॉरंटीत ॲक्सल बदलायचा तर आवाज आमच्या माणसाला ऐकू आला पाहिजे. तसा नियमच आहे."

"मग आणा तुमचा माणूस. बहिरा नसला म्हणजे झालं."

त्यांचा माणूस आला. साठीचा, बारीक चणीचा, आणि कान मात्र चांगले मोठे. सगळे त्याला कानमास्तर म्हणत. इंजिन उघडायच्या आधी नुसतं ऐकून दोष सांगतो, अशी त्याची ख्याती. तो ताईच्या जागेवर बसला, डोळे मिटले, आणि आम्ही इमारतीभोवतीच्या रस्त्यावर चार फेऱ्या मारल्या. चाळीस, साठ, ऐंशी.

काही नाही! गाडी अशी शहाण्यासारखी चालली की माझंच तोंड पडलं.

"तक्रार आढळली नाही," असं ॲडव्हायजरने कागदावर लिहिलं आणि वर हसला. त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी किल्ली उचलून बाहेर पडले. ताई पुढच्या चौकात भाजी घेऊन उभी होती. ती मागे बसली, दार लावलं, "काय म्हणाले शहाणे?" असं विचारलं. मी वेग घेतला.

चाळीसला घूं सुरू.

३

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिग्नलला थांबलो. तिथला दिवा तीन मिनिटं लाल असतो. मी इंजिन बंद केलं. ताई कसलीशी पाटी वाचत होती, ती अर्ध्यात थांबली आणि पिशवीत चष्मा शोधायला लागली. गाडीत शांतता झाली.

आणि मागून घूं येतच होतं.

चाकं थांबलेली. इंजिन बंद. मी आरशात पाहिलं. मान खाली घालून ताई पिशवी उपसत होती. आवाज बारीक होता, पण होता. थोडा चढायचा, थोडा उतरायचा, पुन्हा चढायचा. मी काच खाली केली. बाहेर गाड्यांचा गोंगाट. काच वर केली. घूं.

बाजूला एक ट्रक उभा होता. ट्रकचं इंजिन चालू होतं, त्याचीच धडधड आपल्या पत्र्यात उतरत असणार, असं मी स्वतःला सांगितलं. पटलंही. माणसाला पटवून घ्यायचं असलं की पटतं.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. ताई गाडीत असली की आवाज, नसली की नाही. म्हणजे वजन! मागे भार पडला की ॲक्सल घासतो. साधं गणित, आणि त्या मोठ्या कानांच्या माणसाला ते सुचलं नाही. कानमास्तरही तिथे बसला होता, हे खरं. पण तो मेला काडी पैलवान, त्याचा कसला भार?

"ताई, उद्या तुला यायचंय माझ्याबरोबर."

"कशाला?"

"तुझं वजन हवंय."

"इतकी वर्षं नावं ठेवलीस, आता कामाला आलं का?" ती म्हणाली, आणि इतकी हसली की शेजारचा ट्रकवालाही बघायला लागला.

४

ॲडव्हायजरने ताईला वजन विचारलं. ती म्हणाली, "पंचावन्न." मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. शेवटी वर्कशॉपमधल्या काट्यावर उभं केलं तेव्हा चौसष्ट भरलं.

"चपला जड आहेत," ताई म्हणाली.

आधी त्यांनी मागच्या सीटवर चौसष्ट किलो वाळूची पोती ठेवली. फेरी मारली. आवाज नाही. मग पोती काढून ताई बसली. फेरी मारली. पहिल्या वळणाच्या आतच घूं, आणि पुढे बसलेल्या ॲडव्हायजरचं हसू मावळलं. "आहे बुवा," तो म्हणाला. मला सूड घेतल्यासारखं वाटलं. वाळूच्या पोत्यांनी आवाज का आला नाही, हा प्रश्न मी त्या आनंदात गिळून टाकला.

मग कानमास्तरने आपली पेटी आणली. तिच्यात चिमट्यासारखे सहा छोटे माइक होते. ते गाडीखाली वेगवेगळ्या भागांना लावायचे, हेडफोन कानाला लावायचा आणि बटण फिरवून एकेका माइकचं ऐकायचं. ज्या माइकवर आवाज मोठा, तो भाग खराब. पेटीवर दिव्यांची ओळही होती, आवाज वाढला की हिरव्याची लाल होणारी. पाच माइक त्याने ॲक्सलला आणि चाकांना लावले. सहावा जास्तीचा होता. तो इकडे तिकडे पडू नये म्हणून त्याने ताईच्या हातात दिला.

"हरवू नका बरं का," तो म्हणाला.

"मी आख्खी बहीण सांभाळली, हरवली नाही," ताई म्हणाली.

आम्ही निघालो. कानमास्तर माझ्या शेजारी होता. एक नंबर, दोन हिरवे दिवे. दोन नंबर, तेच. तीन, चार, पाच, तेच. गाडीत मात्र घूं भरून राहिलेलं.

त्याने बटण सहावर नेलं. दिवे एकदम लाल झाले, शेवटपर्यंत.

त्याने मागे वळून पाहिलं. ताई माइक मांडीवर धरून खिडकीतून बाहेर बघत होती आणि त्या वर्कशॉपच्या बागेला पाणी कोण घालतं, इतकं कसं वाळवलंय, असं बोलत होती. हातात धरलाय म्हणून खरखर येत असणार, असं माझ्या मनात आलं. कानमास्तरने बटण बंद केलं नाही. तो बराच वेळ ऐकत राहिला, आणि त्याचे डोळे भरून आलेले मी पाहिले.

५

गाडी उभी केल्यावर त्याने मला बाजूला नेलं. ताई कॉफीच्या मशीनशी होती आणि साखर जास्त पडते म्हणून मशीनलाच झापत होती.

"बाई," तो हळू म्हणाला, "क्लेम करू नका. आवाजासकट चालवा गाडी."

"आणि ॲक्सल तुटला म्हणजे?"

"तुटत नाही. ठणठणीत आहे."

"मग आवाज कशाचा?"

त्याने ताईकडे मान वळवली आणि विचारलं, "त्यांना ऐकू येत नाही ना?"

"नाही."

"ज्याचा असतो त्याला येत नाही," तो म्हणाला. "आम्ही फॉर्मवर लिहून देतो की आवाज जाईल. आणि जातो. याआधी तीनदा पाहिलंय मी. चौथ्यांदा नको."

आता तुम्हीच सांगा, यावर कुठली शहाणी बाई विश्वास ठेवेल? मला वाटलं, वॉरंटीत फुकट पार्ट द्यावा लागू नये म्हणून कंपनीने ही युक्ती काढलीय. म्हाताऱ्याला पुढे करायचं, जरा घाबरवायचं, उरलेले दिवस ढकलायचे. माझ्या डोळ्यांपुढे तो पूल होता आणि मागच्या सीटवरची ती बाई होती. म्हटलं, माझ्या ताईच्या जिवाशी खेळता काय रे!

मी आवाज चढवला. मॅनेजरला बोलवा म्हटलं. मॅनेजर आला. मी टेबलावर हात आपटून बोलले, सगळं वर्कशॉप गोळा झालं. ताई लांबूनच ओरडली, "सोडू नकोस त्यांना!"

क्लेम मंजूर झाला. कानमास्तर मान खाली घालून निघून गेला.

६

तीन दिवसांनी नवा ॲक्सल आला. मला पाच ठिकाणी सह्या करायच्या होत्या. काढलेला पार्ट कंपनीचा, तो परत मागता येणार नाही. सही. ज्या परिस्थितीत तक्रार आली, त्याच परिस्थितीत शेवटची चाचणी होईल. सही. त्याखाली एक चौकट होती. तीत कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'मागच्या सीटवरचा भार : ६४ किलो.'

"माझं नाव नाही लिहिलंत ते?" ताईने खांद्यावरून वाकून विचारलं.

"तेवढी जागा नसते, मॅडम."

चाचणीत फक्त त्यांचा ड्रायव्हर आणि भार, असा नियम. मी काचेमागे प्रतीक्षाकक्षात बसले. दुपारचं लख्ख ऊन होतं. खिडकीची एक फट उघडी होती आणि गाडी इमारतीला वळसा घालून दर दोन मिनिटांनी समोरून जायची.

पहिल्या फेरीला ताईने हात हलवला. ड्रायव्हरला काहीतरी सांगत होती, बिचारा. मला फटीतून घूं ऐकू आलं.

"अजून येतोय की," मी ॲडव्हायजरला म्हटलं.

"नवीन पार्ट आहे. दोन-चार फेऱ्या चालू दे. जाईल."

दुसऱ्या फेरीला आवाज निम्मा झाला होता. ताई बोलत नव्हती. कपाळाला हात लावून बसली होती. गाडी लागली असेल, मागे बसलं की लागते कधीकधी.

तिसऱ्या फेरीला आवाज एखाद्या धाग्याइतका उरला होता. ताईने दोन्ही तळहात काचेवर टेकवले होते. ती थेट माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड उघडं होतं, आणि ती तेच तेच दोन-तीन शब्द परत परत म्हणत होती. मला वाटलं, गंमत करतेय. तिला सवयच आहे, लांबून तोंडं वेडीवाकडी करायची.

मी हसले. मी हात हलवला. देवा, मी तिला हात हलवून दाखवला!

चौथ्या फेरीला गाडी आली ती कळलीही नाही. अजिबात आवाज नव्हता. मागच्या सीटवर ताई ताठ बसली होती, हात गुडघ्यांवर, नजर समोर.

"झालं," ॲडव्हायजर म्हणाला.

७

"ताई, काय म्हणत होतीस मघाशी?"

"केव्हा?" तिने विचारलं.

आवाज तिचाच. चेहरा तिचाच. भुवईवरचा व्रणही. मी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. तिने मला हात लावू दिला. एरवी "मी काय आजारी आहे का" म्हणून झिडकारला असता.

काढलेला पार्ट गिऱ्हाइकाला दाखवायचा, असाही एक नियम होता. ॲडव्हायजर मला मागच्या खोलीकडे घेऊन गेला आणि फोन आला म्हणून दारातच थांबला. आत लोखंडी मांडण्या होत्या, त्यांवर पोत्यांत गुंडाळलेले जुने भाग, प्रत्येकाला सील आणि चिठ्ठी. खिडकी नव्हती. खालच्या मांडणीशी कानमास्तर फरशीवर बसला होता. माझ्या गाडीच्या ॲक्सलला त्याने एक चिमटा लावला होता.

त्याने हेडफोन काढून माझ्यापुढे धरला. "नाही ऐकलंत तरी चालेल," तो म्हणाला.

मी ऐकलं.

आधी फक्त घूं. त्या सिग्नलवरचं, चढणारं, उतरणारं. मग त्याच्या आत, फार खोल, शब्द. शब्दच होते, अशी शपथ मी घेणार नाही. खोली बंद होती, माझं रक्त डोक्यात चढलं होतं, अशा वेळी माणसाला काहीही ऐकू येतं. पण मला ऐकू आलं ते असं: "उतरू का गं? पोचलो का? उतरू का?"

मी ते पोतं दोन्ही हातांनी धरलं. ओढलं. हललं नाही. मी ओरडायला लागले, "हा मला परत द्या! आवाजासकट द्या! जुनाच बसवा!" ॲडव्हायजर धावत आला, दोन मेकॅनिक आले. कोणीतरी मला पाणी दिलं. ॲडव्हायजर फार मऊ आवाजात समजावत होता, की मॅडम, क्लेम बंद झालाय, ही तुमचीच सही ना, आणि चारची गाडी लागलीय, हा सगळा माल आज जाणार.

"कुठे जाणार?"

"कंपनीत."

"कंपनीत कुठे?"

ते त्यालाही माहीत नव्हतं. मी कानमास्तरकडे पाहिलं. तो चिमटा सोडवून पेटीत ठेवत होता. माझ्या देखत त्यांनी ते पोतं ढकलगाडीवर घातलं. मी मागे धावले, ट्रकच्या दारापर्यंत धावले. दार लागलं. ट्रक निघाला तेव्हा मी त्याच्या चाकांचा आवाज संपेपर्यंत कान लावून उभी राहिले.

परत आले तर ताई गाडीत बसलेली होती. मागे, तिच्या जागेवर. पट्टा लावलेला. आजवर तिला पट्टा लाव म्हणून मी हजारदा सांगितलं असेल.

गाडी चालू केली. चाळीस. साठ. इतकी गुळगुळीत गाडी मी आयुष्यात चालवली नाही. बाजार लागला, दोन्ही बाजूंना पाट्याच पाट्या. पुढे एक टकलू उगाच हॉर्न वाजवत होता. मी वाट बघत होते. आरशात ताई माझ्याकडेच बघत होती, समजूतदार चेहऱ्याने, पापणी न लववता.

दमली असेल, मी स्वतःशी म्हटलं. अनोळखी माणसाबरोबर चार फेऱ्या मारल्या, ऊन होतं, वय झालंय. उद्या सकाळी उठेल आणि चहा पांचट झाला म्हणून माझ्या नावाने शिमगा करेल. मी हे इतक्यांदा म्हटलं की माझे ओठ हलायला लागले.

शेवटी राहवलं नाही. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. आत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. माझा श्वास तेवढा.

"ताई," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. "ताई, बोल ना गं काहीतरी."

ती पुढे वाकली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने.

"तू सांग ना, काय बोलू," ती म्हणाली. "तू सांगशील ते बोलेन."